केजन ताटातली भेंडी आणि खामगावचा कापूस

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत ह्यूस्टनला असतात. एप्रिलमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन आलो. एका संध्याकाळी जावईबापू आम्हांला 'सदर्न अँड केजन' अशी पाटी असलेल्या हॉटेलात घेऊन गेले. शेजारच्या टेबलावर कागद अंथरून त्यावर लाल झिंग्यांसारख्या कशाचा तरी ढीग ओतला होता आणि लहानथोर सगळे हातानं खात होते. आमच्या ताटात भात, त्यावर राजम्यासारखी उसळ, मक्याच्या ब्रेडची पिवळी वडी आणि चक्क तळलेली भेंडी आली. आमच्या सौ. म्हणाल्या, "काहून जी, एवढ्या दूर येऊन भेंडीच खायाची काय?" त्या माळकरी. भेंडी आणि कोरडा भात सोडून त्यांनी कशाला हात लावला नाही. तर माझे प्रश्न असे : हे केजन म्हणजे काय? भेंडी तिथं कोणी नेली? माळकरी माणसानं अशा ठिकाणी खावं तरी काय? आणि यातलं काही खामगावात घरी करता येईल का? दिवाळीनंतर पुन्हा जाणं आहे, संक्रांतीपर्यंत तिकडेच राहू, म्हणून विचारतो.
ताजा कलम : निघताना जावयानं उरलेलं सगळं डब्यात भरून घेतलं. मला कसंसंच झालं. तिकडे हे चालतं का?
– एक वाचक, खामगाव

उत्तर : ताजा कलम आधी निकालात काढू. चालतं, अगदी बिनदिक्कत चालतं. तिकडे ताटात येणारं अन्न एका माणसाच्या भुकेच्या हिशेबानं वाढलेलंच नसतं. निम्मं उरणार हे स्वयंपाकघरालाही ठाऊक असतं, आणि बिल आणताना वेटर आपणहून विचारतो, डबा आणू का? दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची सोय झाली, एवढाच त्याचा अर्थ. जावईबापूंना तुम्ही त्यावरून काही बोलला नसाल अशी आशा आहे. बिलावर त्यांनी अठरा-वीस टक्के वर ठेवले असतील, तोही उधळेपणा समजू नका. टीप मिळणाऱ्या नोकराला मालकानं द्यायची किमान मजुरी तिथल्या केंद्रीय कायद्यानं तासाला २.१३ डॉलर ठरवली आहे, १९९१ पासून तो आकडा हललेला नाही, आणि टेक्सास त्याच आकड्यावर चालतं. वेटरचं घर तुमच्या टिपेवर चालतं.

आता केजन. पाटीवर दोन नावं होती, कारण अशा हॉटेलात दोन स्वयंपाकघरं एका छपराखाली नांदतात. 'सदर्न' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या साऱ्या राज्यांचं घरगुती खाणं : तळलेली कोंबडी, मक्याचा ब्रेड, मक्याच्या कण्या शिजवून केलेले ग्रिट्स, पालेभाज्या, रताळी, चवळी. केजन मुलूख त्या मानानं चिमूटभर. लुइझियाना राज्याचा नैऋत्येकडचा दलदलीचा, खाड्यांचा आणि भातखाचरांचा पट्टा, त्यातलं लाफायेत हे मुख्य गाव. ह्यूस्टनहून पूर्वेला निघालात तर सव्वाशे मैलांच्या आत लुइझियानाची हद्द लागते, म्हणून तुमच्या लेकीच्या शहरात अशी हॉटेलं पावलोपावली दिसतात.

हे केजन लोक मूळचे तिथले नव्हेत. फ्रान्समधून सतराव्या शतकात निघून ते कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरात, शेती करून राहिले होते. त्या मुलखाचं नाव अकेडिया. अकेडियनचं बोलीत केजन झालं. पुढे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला या शेतकऱ्यांनी नकार दिला, आणि १७५५ मध्ये इंग्रजांनी गावंच्या गावं रिकामी करून माणसं जहाजांत कोंबली. घरं जाळली, कुटुंबांची ताटातूट झाली. बरीच वर्षं इकडेतिकडे भटकून त्यांतले काहीशे लोक १७६५ च्या सुमारास लुइझियानात पोचले. अमेरिकन कवी लाँगफेलो याचं १८४७ मधलं 'इव्हँजेलिन' हे दीर्घकाव्य याच हद्दपारीवर आहे.

नव्या जागी गहू धड येईना, भात मात्र येई. पाण्यात मासे, कोळंबी, चिखलात खेकडे-झिंगे, अंगणात डुकरं. जे हाताशी असेल ते एका मोठ्या भांड्यात टाकायचं, तासन् तास शिजवायचं आणि भातावर ओतायचं, हा केजन स्वयंपाक. न्यू ऑर्लिन्स शहरातलं क्रिओल खाणं त्याचं चुलत भावंड. ते शहरी. त्यात टोमॅटो जास्त, लोणी-मलई जास्त, घरात स्वयंपाकी ठेवणाऱ्यांचं ते खाणं. हॉटेलवाले आता दोन्ही एकाच मेन्यूत घालतात आणि गिऱ्हाइकालाही त्याचं काही वाटत नाही.

केजन म्हणजे जाळ, असा आपल्याकडे एक समज आहे. तो चुकीचा आहे आणि त्याला एक माणूस बराचसा कारण आहे. पॉल प्रुडॉम हा केजन शेतकरी कुटुंबातला, तेरा भावंडांतला धाकटा. १९७९ मध्ये त्यानं न्यू ऑर्लिन्समध्ये 'के-पॉल्स' नावाचं साधंसं हॉटेल काढलं. तिथं तो रेडफिश हा मासा लोण्यात बुडवून, मसाल्यात घोळवून, लालबुंद तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा. या 'ब्लॅकन्ड' माशाचं खूळ देशभर असं पसरलं की १९८० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातातल्या रेडफिशच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. पण हा पदार्थ आज्यांच्या चुलीवरचा नव्हे, प्रुडॉमच्या डोक्यातून निघालेला. केजन आजीच्या भांड्यात तिखट असतं, पण बेतानं. आपल्याकडे बार्बेक्यू नेशनसारख्या ठिकाणी केजन बटाटे म्हणून पांढऱ्या सॉसमध्ये न्हालेलं जे येतं ते चवीला छानच, फक्त लुइझियानात जाऊन मागू नका.

आता भेंडी, आणि इथं जरा थांबावं लागेल.

तुमच्या सौ.नी विचारलेला प्रश्न बारीक आहे. भेंडी अमेरिकेची नाही आणि फ्रेंचांचीही नाही. ती आफ्रिकेची. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांबरोबर ती अटलांटिक ओलांडून गेली. चवळीही त्यांच्याबरोबर गेली. आणि ज्वारीही. होय, तुमच्या भाकरीची ज्वारी आफ्रिकेतच पहिल्यांदा माणसाळली. हजारो वर्षांपूर्वी तिची एक वाट भारताकडे आली, आणि गुलामांच्या जहाजांच्या काळात दुसरी वाट अमेरिकेला गेली. तिथं तिची भाकरी कोणी थापली नाही. टेनेसी, केंटकीकडे गोड ज्वारीची धांडं पिळून रस आटवतात आणि तो काकवीसारखा पाक गरम बिस्किटांवर घालून खातात. त्यांची बिस्किटं म्हणजे मऊ पाव, चहाबरोबरची आपली बिस्किटं नव्हेत. तिळाचा प्रवास तर याहून लांबचा. तो आपल्या उपखंडात लागवडीला आला, आफ्रिकेत गेला, आणि तिथून गुलामांबरोबर दक्षिण कॅरोलायनात. चार्ल्स्टन शहरात तिळाच्या पातळ कुरकुरीत चकत्या आजही विकतात. उलट दिशेनं मका, मिरची, शेंगदाणा, राजमा हे अमेरिका खंडातून आपल्याकडे आले. तेव्हा तुमच्या टेबलावर जे होतं त्यातलं परकं कुठलं आणि घरचं कुठलं, हे ठरवायला बसलात तर डबा आणूनही जेवण संपणार नाही.

भाताची गोष्टही तशीच. दलदलीत बांध घालून, पाणी अडवून भात कसा घ्यायचा हे युरोपातून आलेल्या मळेवाल्यांना कुठलं माहीत? ते ज्ञान पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून धरून आणलेल्या माणसांचं होतं. त्यांची मेहनतही घेतली आणि अक्कलही घेतली, मोबदला कशाचाच दिला नाही. गुलामांना आठवड्याचा शिधा मिळायचा तो मुख्यतः मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस. बाकीचं त्यांनी झोपडीमागच्या वाफ्यात पिकवलं : भेंडी, चवळी, पालेभाज्या, रताळी. मालकाच्या ताटात चांगले तुकडे गेल्यावर उरलेली हाडं, पाय, चरबी पालेभाजीत चवीला पडली. तुम्ही ज्याला 'साइड' म्हणून बाजूला पाहिलंत, त्या वाट्यांत हा सगळा इतिहास आहे. मेन्यूवर मोठ्या अक्षरांत असतात ती तळलेल्या माशांची आणि कोंबडीची चळतीच्या चळती रचलेली ताटं. माझं मत विचाराल तर त्यांत फारसं काही सांगण्यासारखं नसतं. असं हॉटेल जोखायचं तर पालेभाजी आणि लाल घेवडा मागवावा. ते नीट असेल तर आचाऱ्याला स्वयंपाक येतो.

लाल घेवडा-भात हा न्यू ऑर्लिन्सचा सोमवारचा पदार्थ. सोमवार धुण्याचा दिवस. रविवारच्या जेवणातलं डुकराचं हाड उरलेलं असे, ते घेवड्यात टाकून भांडं मंद आचेवर ठेवलं की बाई दिवसभर कपडे धुवायला मोकळी. आता कपडे यंत्र धुतं, तरी सोमवारी तिथल्या कितीतरी हॉटेलांत हाच बेत असतो. जाझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग या शहरातला; तो पत्राखाली 'आपला' लिहायच्या जागी लाल घेवडा-भाताचं नाव घेऊन सही करायचा.

तुम्ही खामगावचे, म्हणून आणखी एक धागा सांगितल्यावाचून राहवत नाही. हे खाणं ज्या मजुरांचं, ते मुख्यतः दोन पिकांत राबले : लुइझियानाच्या दक्षिणेत ऊस आणि बाकी साऱ्या दक्षिणेत कापूस. हा कापूस मिसिसिपी नदीनं न्यू ऑर्लिन्सला उतरायचा आणि तिथून लिव्हरपूलला जायचा. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशांहून जास्त वाटा अमेरिकेचा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच उत्तरेच्या आरमारानं घेतलं. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली.

खामगावात कापसाची थोडीफार उलाढाल १८२० च्या सुमारास सुरू झाल्याची नोंद गॅझेटियरात आहे. यादवीच्या काळात मुंबईत कापसाचे भाव कित्येक पट चढले आणि तुमचं गाव वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापूसपेठ म्हणून गाजलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत प्रेमचंद रायचंदसारखे बडे सटोडिये बुडाले. पण इंग्रजांनी धडा घेतला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी त्यांनी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस आयुक्त नेमला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं खामगावला आला तो जलंबहून काढलेला आठ मैलांचा रेल्वेफाटा आणि कापसाचा बाजार सुरू करायला. भारताचा व्हाइसरॉय खामगावला का येतो, याचं उत्तर निम्मं न्यू ऑर्लिन्समध्ये आहे. तिकडून बियाणंसुद्धा आलं : धारवाडकडे रुजलेला 'धारवाड-अमेरिकन' कापूस न्यू ऑर्लिन्सच्याच वाणाचा, आणि आज विदर्भात दिसतो तो बहुतेक सगळा कापूस त्याच अमेरिकन जातीचा. जुना देशी कापूस आता शोधावा लागतो.

नाकेबंदीची एक खूण खाण्यातही राहिली. न्यू ऑर्लिन्सला कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा लोकांनी उरलेल्या कॉफीत चिकोरीची भाजलेली मुळी जास्तच मिसळायला सुरुवात केली. फ्रेंचांमुळे ती आधीपासून माहीत होतीच. युद्ध संपलं, कॉफी आली, पण जिभेला लागलेली चव गेली नाही. तिथलं 'कॅफे द्यू मोंद' १८६२ सालचं. आजही तिथं चिकोरीची दुधाळ कॉफी आणि पिठीसाखरेत बुडालेले चौकोनी तळलेले बेन्ये मिळतात. एकाच नाकेबंदीनं त्यांच्या कॉफीत चिकोरी घातली आणि तुमच्या पेठेत पैसा. हा पैसा कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या हाती किती टिकला आणि अडत्या-सावकाराकडे किती गेला, ते खामगावकरांना मी सांगायला नको.

आता सौ.च्या जेवणाचा मुद्दा, आणि इथं सावध राहावं लागतं. वरवर पाहता या हॉटेलात भाज्याच भाज्या असतात. पण पालेभाजीत डुकराचं हाड, घेवड्यात सॉसेज, गंबो नावाच्या दाट रश्श्यात मांसाचं किंवा कोळंबीचं पाणी, मक्याच्या ब्रेडला कधीकधी चरबीचा हात. 'डर्टी राइस' नावाच्या भातात तर कोंबडीच्या काळजाचा खिमा असतो. 'व्हेजिटेरियन आहे का?' एवढंच विचारलं तर भाबडेपणानं 'हो' म्हणणारी वेटर मुलगी भेटते. तिच्या लेखी चवीपुरतं टाकलेलं हाड म्हणजे मांस नव्हे. म्हणून लेकीला सांगा, सुटंसुटं विचारायचं : यात हाड आहे का, सॉसेज आहे का, चरबी कुठली, मासे ज्या तेलात तळता त्यातच भेंडी तळता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'हो' असं येईल. म्हणजे सौ.नी सुरक्षित समजून खाल्लेली भेंडी बहुधा मत्स्यस्नान करून आली असणार. हे त्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मागायचं काय? 'व्हेजिटेबल प्लेट' नावाचा एक प्रकार दक्षिणेत सर्रास मिळतो. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या अशी तिथल्या साध्या खाणावळींची रीत आहे. ज्यांना मांस नको ते चार भाज्या घेतात. गंमत अशी की भाज्यांच्या यादीत चीजमध्ये घोळलेली मॅकरोनीही असते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. चीज घातलेले ग्रिट्स, भाजलेलं रताळं, कोबीची कोशिंबीर, उकडलेलं मक्याचं कणीस, साधा भात, एवढ्यावर पोट भरतं. कोशिंबिरीतल्या मेयोनेजमध्ये अंडं असतं, ते चालत नसेल तर तीही वगळा. आइस टी मागाल तर 'स्वीट' की 'अनस्वीट' हे विचारतील. स्वीट म्हणजे बासुंदीशी स्पर्धा करणारा गोड, आणि पेला रिकामा दिसला की न विचारता भरला जातो. टेबलावरची टबॅस्कोची बाटली मात्र निर्धास्त वापरा. लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर एडमंड मॅकिल्हेनी यानं १८६८ पासून हा सॉस विकायला काढला. आत फक्त लाल मिरची, मीठ आणि व्हिनेगर. मिरचीचा लगदा ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात.

कागदावरचा ढीग होता तो क्रॉफिशचा. दिसायला लहान शेवंड, राहायला गोड्या पाण्याचा चिखल. लुइझियानात भाताचं पीक निघालं की त्याच खाचरांत पाणी सोडून हे जीव वाढवतात, एका शेतात दोन पिकं. मोठ्या हंड्यात तिखट-मिठाच्या पाण्यात बटाटे, कणसं, लसणाचे गड्डे यांच्यासह उकळून थेट कागदावर उपसायचे, पौंडावर विकायचे. शेपूट पिरगाळून सोलायची, आतलं इवलंसं मांस खायचं, डोक्यातला रस चोखायचा. तुमच्या ह्यूस्टनमध्ये व्हिएतनामी मंडळींनी यावर लोणी-लसणाचा मारा करून नवाच प्रकार रूढ केला आहे. ताटं नाहीत, चमचे नाहीत, सगळं गणगोत एका टेबलाभोवती. शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजून वांग्याच्या भाजीबरोबर खाताना वऱ्हाडात जी मोकळीक असते, ती तिथं या ढिगाभोवती असते. सौ. शेजारी बसून रताळं खातील, बिघडलं कुठं!

राहिलं घरी करणं. खामगावात त्यासाठी हॉटेल शोधू नका. पोपाइज ही मूळची न्यू ऑर्लिन्सच्या उपनगरातली, १९७२ ची कंपनी २०२२ मध्ये बंगळुरूला आली खरी, पण तिची तळलेली कोंबडी तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. घरी गंबो करा. बिनमांसाचा गंबो तिकडेही परका नाही. कॅथलिक लोकांच्या उपासाच्या दिवसांत पालेभाज्यांचा हिरवा गंबो करायची जुनी चाल आहे, आता बहुतेक जण त्यातही मांस टाकतात ही गोष्ट वेगळी.

बिडाची किंवा जाड बुडाची कढई घ्या. अर्धी वाटी बिनवासाचं तेल, अर्धी वाटी मैदा. मंद आच. लाकडी उलथन्यानं हलवत राहायचं आणि मधे फोन घ्यायचा नाही. आधी कच्च्या पिठाचा वास येतो. मग रंग बिस्किटावर येतो, मग शेंगदाण्याच्या सालीवर, आणि घरभर खमंग वास सुटतो. इथं आपला हात थांबतो, कारण बेसन असतं तर झालं असतं. थांबू नका. अर्धा-पाऊण तास झाला की मिश्रण सैल पडतं, चकाकतं आणि चॉकलेटी होतं. काळे ठिपके दिसले तर करपलं; सगळं टाकून पुन्हा सुरुवात करायची, दुरुस्ती होत नाही. अंगावर उडू देऊ नका, गूळपाकासारखं चिकटून भाजतं.

रंग आला की त्यात दोन कांदे, एक मोठी शिमला मिरची आणि मिळालीच तर सेलरीचे दोन दांडे, सगळं बारीक चिरून एकदम टाका. हे त्रिकूट म्हणजे केजन स्वयंपाकाचा पाया. चर्र आवाज होतो, पिठाचं भाजणं तिथं थांबतं. लसूण ठेचून घाला. मग सहा वाट्या गरम पाणी, थोडंथोडं, गुठळी होऊ न देता. पाव किलो भेंडी वेगळ्या तव्यावर तेलात परतून तार जाऊ द्या आणि मग सोडा. थोडी तार राहिली तर बरंच, रस्सा त्यानंच दाटतो. शिजवलेला राजमा वाटीभर, तमालपत्र, लाल तिखट, भरपूर मिरपूड, मीठ. ते लोक थाइम घालतात. ते नसलं तर ओव्याची चिमूट चुरडून टाका. थाइममधला आणि ओव्यातला वासाचा अर्क, थायमॉल, एकच आहे. हळद, जिरं, धणे, गरम मसाला यांना हात लावायचा नाही. फोडणी द्यायचा मोह होईल, तो आवरा. चाळीस मिनिटं रटरटू द्या. खोलगट ताटलीत मधोमध भाताची मूद, भोवती गंबो. तुमच्या सौ.ना कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र हा घाट घालू नका, त्याशिवाय यात जीव नाही. त्यांना मक्याचा ब्रेड आणि भाजलेलं रताळं करा.

तुम्ही दिवाळीनंतर जाणार म्हणता. तेव्हा क्रॉफिशचा हंगाम नसतो, तो साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत. पण १ जानेवारीला तुम्ही तिथंच असणार, आणि त्या दिवशी साऱ्या दक्षिणेत घरोघरी चवळी-भात आणि पालेभाजी शिजते. चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, खाल्लं की वर्षभर पैसा खेळता राहतो असं तिथं मानतात. हॉटेलातल्या चवळीत डुकराचं मांस नक्की असणार. लेकीला सांगा, आदल्या रात्री चवळी भिजत घाल, घरीच करू.